शक्य असेल तिथे

नाही, लल्ला, नाही हो ताई, ‘इतर’ असा रंग आमच्याकडे नाही. बॅजचे चार रंग आहेत आणि पाचवा राखाडी. निळा सरकारांचा, हिरवा कंपन्यांचा, पिवळा संस्थावाल्यांचा, लाल इंजिनियर मंडळींचा — ते स्वतःला तांत्रिक समुदाय म्हणवतात, समुदाय म्हणजे काय, तर वीस-वीस वर्षं एकमेकांना ईमेल करणारी तीच तीस माणसं — आणि राखाडी निरीक्षकांचा. तुमच्या अर्जावर राखाडी आलाय. राखाडी बॅज म्हणजे आत बसा, ऐका, जेवा, कॉफी प्या, पण माईकला हात लावायचा नाही. तुम्ही निवडला नाही? माहितीये मला, कोणीच निवडत नाही. अर्जातल्या चार चौकटींपैकी एकीवरही खूण केली नाही की मशीन आपलं आपण राखाडी करून टाकतं. आणि तुम्हाला बोलायचंय. बारा वाजता, मोठ्या सभागृहात. हो, कळलं, दोनदा सांगितलंत. आत्ता कुठे अकरा वीस झालेत. रंग बदलता येतो, तो मीच बदलते, त्यासाठीच बसवलंय मला इथे. फक्त हा प्रिंटर — तापतो हो. तापला की थोडा वेळ गार होऊ द्यावा लागतो. बसा ना. ती नको, तिचा पाय डुगडुगतो, ही घ्या.

तर मग कुठल्या रंगात घालायचं तुम्हाला? सरकारी नाही. शाळेत शिकवता, सरकारी शाळेत, पण ते चालत नाही, निळ्याला मंत्रालयाचं पत्र लागतं. कंपनी? नाही. घराघरातून वर्गणी घेता, पण नफा नाही. मग हिरवा गेला. संस्था? नोंदणीचा कागद — अच्छा, अर्ज करून चार वर्षं झाली आणि अजून विचाराधीन आहे. मग पिवळाही गेला. लाल? डिप्लोमा आहे? नाही. पण शाळेच्या छपरावरचा मनोरा तुम्हीच उभारलात, तुम्ही आणि तुमच्या भावानं, त्रेसष्ट घरांवर तबकड्या बसवल्या, तारा ओढल्या, वारा सुटला की शिडी घेऊन तुम्हीच वर चढता. म्हणजे या अख्ख्या इमारतीत ज्यांनी खरंच एखादं इंटरनेटचं जाळं स्वतःच्या हातानं बांधलंय अशा तुम्ही बहुधा एकट्याच, आणि तुम्हाला बसवायला आमच्याकडे रकाना नाही. हसू नका. बरं, हसलाच नाहीत तुम्ही. मीच हसले.

बाहेरचा फलक वाचलात येताना? ‘सर्वांचं इंटरनेट, सर्वांचा आवाज.’ तो गेल्या वर्षीचाच आहे, फक्त शहराचं नाव खरवडून वर ट्यूनिस चिकटवलंय, उन्हात बघितलं तर खालचं अम्मान दिसतं. दरवर्षी हेच — सरकारं, कंपन्या, संस्था, इंजिनियर, सगळे एका टेबलाभोवती, सगळे समान, आणि इंटरनेट कसं चालावं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. समान. निळ्यांना गाडी घ्यायला येते, हिरवे स्वतःच्या गाडीनं येतात, पिवळे उपनगरी गाडीनं आणि पुढे पायी. तुम्ही कशा आलात? लुआजनं? सात तास त्या कोंबलेल्या गाडीत? आणि उतरल्या उतरल्या थेट इथे. पाणी घ्या. नाही, ती बाटली व्यासपीठाची आहे, ही घ्या.

काल एक परिसंवाद होता — ज्यांच्यापर्यंत इंटरनेट पोचलेलंच नाही त्यांच्या अडचणींवर. सूत्रसंचालक म्हणाला, ज्यांना इथे येता आलं नाही त्यांनी आपले प्रश्न ऑनलाइन पाठवावेत. मग वाट बघत बसला. खरंच वाट बघत बसला, लल्ला, मी दारात उभी होते. एकही प्रश्न आला नाही, तेव्हा म्हणाला, समाधानकारक प्रतिसाद. तरुणांचा आवाज म्हणून जो बोलला त्याच्या मुलीचं पुढच्या महिन्यात लग्न आहे. आणि दुर्लक्षित प्रदेशांची बैठक कुठे ठेवली होती? तळघरात, कोट ठेवायच्या खोलीशेजारी. लोक भाषण चालू असताना आत येऊन आपला कोट मागत होते.

कोण आलं? — नाही, दार आपटलं. मला असं होतं हो, जरा कुठे खट्ट झालं की काळीज तोंडाशी. आई म्हणते, ओल्फा, तुला लहानपणी मांजर आडवं आलं असेल. मांजर कसलं. सी नौफलचे बूट. सी नौफल म्हणजे आमचे साहेब, संयोजन समितीचे. रबरी तळव्याचे बूट घालतात, येतात ते कळतच नाही, एकदम कानाशी आवाज येतो. वाईट नाहीत. फार गोड बोलतात. कधी आवाज चढवलाय असं झालं नाही. मला बिन्ती म्हणतात, मुलगी म्हणतात, आणि मुलगी म्हटलं की पुढचं नाही म्हणता येत नाही, ते त्यांना बरोबर ठाऊक आहे.

प्रिंटर? बघते. अजून गरमच लागतोय. साडेअकरा. वेळ आहे.

मला सांगा, बारा वाजता आत जाऊन तुम्ही म्हणणार काय? चौदाव्या कलमाला हरकत. एवढंच. बरोबर, एवढंच पुरतं. तेवढं तुम्हाला कोणी सांगितलं ते मी विचारत नाही, पण बरोबर सांगितलंय. इथे मतदान नसतं, मतदान म्हणजे कोणीतरी हरतं, आणि आम्ही सुसंस्कृत लोक. इथे अध्यक्ष विचारतात, कोणाची हरकत? डावीकडे बघतात, उजवीकडे बघतात, आणि हातोडा मारतात. कोणी बोललं नाही म्हणजे सगळ्यांना मान्य. आणि रंगीत बॅज गळ्यात असलेल्या एकानं जरी म्हटलं की हरकत आहे, तर हातोडा खाली येत नाही. पूर्ण मसुदा परत जातो, पुन्हा समिती, पुन्हा एक वर्ष. एका माणसाच्या दोन शब्दांत एवढी ताकद — ऐकायला किती छान वाटतं. म्हणून तर सगळी कारागिरी ते दोन शब्द कोणाच्या तोंडून निघू नयेत याची असते. सभागृहात काही होत नाही हो. जे व्हायचं ते व्हरांड्यात, कॉफीच्या टेबलाशी, नाहीतर या खिडकीशी —

म्हणजे मी आपलं सर्वसाधारण बोलतेय.

आणि खरं सांगू, कशाला एवढी धडपड? हे मसुदे कोणी वाचत नाही. बंधनकारक नाहीत, कोणाला दंड नाही, शिक्षा नाही. मार्गदर्शक तत्त्वं. मंजूर होतात, टाळ्या पडतात, फोटो निघतो, आणि मग ती एका संकेतस्थळावर जाऊन पडतात. मला माहितीये, कारण चौदावं कलम — ते मीच टाइप केलंय. अहो खरंच. गेल्या वर्षी, अम्मानजवळ, मृत समुद्राच्या काठी, त्या हॉटेलात. मी तेव्हा या खिडकीत नव्हते, पिवळा बॅज होता माझा, छोटीशी आमची संस्था, आणि मसुदा समितीनं लेखणी माझ्या हातात दिलेली. लेखणी म्हणजे लॅपटॉप. नऊ जण टेबलाभोवती, भिंतीवर मोठा पडदा, जे ठरेल ते मी लिहायचं आणि सगळ्यांनी बघायचं. मला का दिलं? फ्रेंच, इंग्रजी, अरबी तिन्ही येतं, शिवाय मी वाद घालत नाही. पाच दिवस. आणि चौदावं कलम पहिल्या दिवशी किती सुंदर होतं, लल्ला — गावानं स्वतः उभारलेलं जाळं आपत्तीच्या काळात बंद केलं जाणार नाही. संपलं. मीच सुचवलेलं वाक्य. शेपूट नाही, तुरा नाही. पूर्णविराम.

निळ्यांतला एक गृहस्थ अडून बसला. चिडला वगैरे नाही, फक्त दर वेळी म्हणायचा, आम्हाला या वाक्याबरोबर अजून थोडं जगावं लागेल. हिरव्यांचा प्रतिनिधी फोनमध्ये. इंजिनियर आपसात कुठल्या तरी जुन्या वादावर हसत होते. चौथा दिवस गेला, पाचवा गेला, दुपारी सगळ्यांची विमानं, आणि पडद्यावर त्या एका वाक्याभोवती चौकोनी कंस — कंस म्हणजे भांडण मिटलेलं नाही. तेव्हा सी नौफल माझ्यामागे येऊन वाकले. बूट ऐकूच आले नाहीत, मी एवढी दचकले की बोट भलत्याच बटणावर पडलं. म्हणाले, ‘ओल्फा, बिन्ती, तीन शब्द घाल आणि सगळ्यांना घरी जाऊ दे.’

घातले. ‘शक्य असेल तिथे.’ गावाचं जाळं शक्य असेल तिथे बंद केलं जाणार नाही. निळे गृहस्थ हसले, म्हणाले, आता या वाक्याबरोबर जगता येईल. कंस काढले. टाळ्या.

का बघताय अशा? तीन शब्द तर आहेत. सगळ्याच कलमांत असतात. शक्य असेल तिथे, योग्य त्या प्रमाणात, परिस्थितीनुसार — मीठ घालतात तसे. आणि नंतर तीन दिवस होते ना. मौनाची मुदत म्हणतात त्याला आमच्यात. मसुदा सगळ्यांना ईमेलनं जातो, तीन दिवसांत कोणी काही कळवलं नाही तर मसुदा पक्का, मग वर्षभरानं सभागृहात शेवटची मंजुरी. जगातल्या पाचशे पिवळ्यांपैकी कोणीही एक ओळ पाठवू शकलं असतं. कोणी पाठवली? कोणी नाही. सगळ्यांना वाटलं दुसरा पाठवेल. मी — मी लिहिली होती. हो. स्वतःच्याच शब्दांना स्वतःची हरकत. ला मार्साला आईकडे गच्चीवर बसून लिहिली, चांगली चार ओळींची, कारणांसकट. मुदत संपायला वीस मिनिटं होती. पाठवायच्या बटणावर बोट होतं आणि फोन वाजला. सी नौफल. मसुद्याचं अवाक्षर काढलं नाही त्यांनी. आईची तब्येत विचारली, आणि म्हणाले, कार्यालयात कायमची एक जागा निघतेय, तुझंच नाव डोळ्यासमोर आलं. मी लॅपटॉप मिटला. नंतर उघडला तेव्हा वेळ उलटून गेली होती. उलटून गेली की मी उलटू दिली, ते मला विचारू नका. आणि कायमची जागा म्हणजे ही खिडकी. पगार वेळेवर होतो. आईला डॉक्टर मिळाला. झालं.

पण मी म्हटलं ना, कोणी वाचत नाही. काय बिघडलं? एक ओळ इकडची तिकडे. मी तर तेव्हापासून असंच धरून चाललेय की —

काय आहे हे? नको, फाइल राहू दे, मला कागद दाखवायची गरज नाही, रंगासाठी कागद लागत नाहीत — बरं, बघते, द्या.

हा आदेश आहे. तुमच्या इथल्या कार्यालयाचा. फेब्रुवारीतला. ‘बीर नस्रिया येथील विनापरवाना जाळं तत्काळ बंद करण्यात येत आहे.’ हो, काढतातच असे आदेश, शिक्का, सही — ‘अम्मान मसुद्याच्या चौदाव्या कलमाच्या भावनेस अनुसरून, स्थानिक जाळी शक्य असेल तिथे चालू ठेवण्यात येतात. सध्याच्या परिस्थितीत ते शक्य नाही.’

वाचलं कोणीतरी.

एका तालुक्याच्या कार्यालयात, खाणीच्या गावात, कुठल्या तरी कारकुनानं बसून माझं चौदावं कलम वाचलं. मोठमोठ्या लोकांनी नाही वाचलं, त्यानं वाचलं. त्याला कळलंसुद्धा ते कशासाठी लिहिलंय. आमच्या नऊ जणांपेक्षा चांगलं कळलं.

आणि मग? सांगू नका. नाही — सांगा. कामगारांनी खाणीच्या दारात बसकण मारली होती, त्याची चित्रं बाहेर जात होती, म्हणून बंद. शाळेच्या छपरावर येऊन दोघांनी तारा काढल्या, तुम्ही शिडी धरून उभ्या होतात, कारण नाहीतर ते पडले असते. हे असं तुम्हीच करू शकता. आणि तिसऱ्या दिवशी खाणीतलं खनिज धुतल्यावर उरणाऱ्या गाळाचा बांध फुटला. सकाळी. मुलं शाळेत. खालच्या वस्तीला कळवायला फोन नाही, काही नाही, एरवी तुम्ही एक निरोप टाकला असता आणि त्रेसष्ट घरांत एकदम वाजला असता. तय्यब मोपेड घेऊन गेला. तुमचा भाऊ. तोच, तबकड्या बसवणारा. खालच्या वस्तीतले सगळे टेकडीवर चढले, सगळे वाचले, कारण तो वेळेवर पोचला. परत येताना ओढ्याशी —

फक्त मोपेड सापडली. बरं. बरं, लल्ला. पुरे.

तीन शब्द होते हो. मला वाटलं मीठ.

ऐका, एक मिनिट, मी रंग करते तुमचा, पिवळाच करते, नोंदणी गेली खड्ड्यात, माझ्या जुन्या संस्थेच्या नावावर घालते, कोण तपासतंय. किती झाले? बाराला नऊ कमी. सभागृह इथून दोन मिनिटांवर, उजवीकडचा जिना, पहिल्या मजल्यावर डावा दरवाजा, माईकची रांग मधल्या वाटेत असते — फक्त हा प्रिंटर एकदा — नका, झाकणाला हात लावू नका, भाजेल — लल्ला, नका ना —

गार आहे. हो. गारच आहे.

ऐकून घ्या माझं. तो फोन माझा आहे, द्या इकडे, तो वाचू नका. तुम्हाला फ्रेंच वाचता येतं हे विसरलेच मी, शिक्षिका तुम्ही. ‘खाणीच्या गावची बाई येईल. तिचा बॅज बारानंतर. प्रेमानं.’ आणि पुढे गुलाबाचं फूल. ते फूल ते सगळ्यांनाच पाठवतात. मला सकाळी नऊला आलं. तुम्ही येईपर्यंत मी ठरवलं होतं की नाही करायचं असं. देवाशपथ. मग तुम्ही समोर आलात आणि मी बोलायलाच लागले. मी घाबरले की बोलते. मला खरंच वाटलं मी तुमच्याशी नुसती बोलतेय, आणि प्रिंटर तापतो हे तोंडातून गेलं ते गेलंच, आणि मग पुढचं सगळं — तुम्हाला कळतंय का, मी तुम्हाला अडवलं नाही, मी फक्त बोलत राहिले. अर्धा तास. एवढंच हवं होतं त्यांना. माझी नस त्यांना माझ्यापेक्षा चांगली माहीत आहे.

हे घ्या. हा छापलेलाच होता, खणात. पिवळा. तुमचं नाव नीट लिहिलंय बघा, मब्रूका बिन्त सालिम, मी स्वतः टाइप केलं, सकाळी. घाला गळ्यात आणि पळा. पाच कमी आहेत अजून. घड्याळात पाच कमी आहेत. पळा ना, उभ्या काय —

ऐकू आलं?

नाही, ते — कधी कधी मधेच टाळ्या पडतात, एखादं भाषण संपलं की. थांबा. इथपर्यंत आवाज येतो हातोड्याचा, तो वेगळा असतो. थांबा जरा.

हं. तोच.

लवकर उरकलं. बारा म्हणाले होते, बारा छापलंय कार्यक्रमपत्रिकेत. सगळ्यांना जेवणाची घाई असते. पाच वर्षांसाठी मंजूर झालं आता, लल्ला, पाच वर्षं त्याला कोणी हात लावत नाही. एकमतानं. पत्रक दुपारी निघेल, मीच टाइप करणार आहे, त्यात लिहितात तसं, सर्व घटकांच्या सहभागानं.

घ्या ना तो. टेबलावर नका ठेवू. घालून जेवायला तरी जा, सात तासांचा प्रवास करून आलात, आत ब्रिक तळतायत, अंडं भरलेले, कुरकुरीत, वास येतोय ना — बोला काहीतरी. शिव्या द्या. मी इथून कुठे जात नाही, पाचपर्यंत इथेच आहे, तुम्हाला काय म्हणायचंय ते म्हणा, मी लिहूनसुद्धा घेते, खालच्या जागेत, अभिप्राय असा रकाना आहे —

लल्ला मब्रूका.

येतायत ते बाहेर. सी नौफल पुढे आहेत. कागद फाइलीत घाला पटकन. माझ्याकडे बघू नका. जरा बाजूला व्हा, बाई, खिडकी मोकळी करा, मागे लोक खोळंबलेत.